आईचं वय शून्य

माझी आई ट्रक चालवते. हे वाक्य ऑफिसात पहिल्यांदा माझ्या तोंडून निसटलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं की मलाच माझी दया आली. म्हणून आधीच सांगून टाकतो. ट्रक खरा नाही, टीव्हीतला आहे. आई मात्र अगदी खरी आहे आणि एकाहत्तर वर्षांची आहे. या एकाहत्तर वर्षांचा पुरावा देता देता गेल्या पंधरवड्यात माझा जो जीव गेला, तो आत्ता कुठे परत आलाय. तो पुन्हा जायच्या आत सगळं लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी आईच्या उजव्या हातावरून वारं गेलं. झटका हलका होता, पण बोटं रुसली ती रुसलीच. घरी येणाऱ्या फिजिओ बाईंनी पिवळा रबरी चेंडू दिला आणि दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं. दोन दिवस आईनं दाबला. तिसऱ्या दिवशी चेंडू कचऱ्याच्या डब्यात सापडला. "दाबून दाबून त्या चेंडूचं काही बिघडलं नाही," आई म्हणाली, "मग माझं काय सुधारणार?"

तेव्हा आमची कन्या सुट्टीवर घरी आली होती. तिनं आपल्या गेमच्या मशीनचा कंट्रोलर आजीच्या हातात दिला आणि ट्रक चालवण्याच्या खेळाची डिस्क लावली. जन्मात सायकलवर न बसलेली आमची आई अठरा चाकांच्या लाल ट्रकवर बसली ती उतरेचना. या गावचा माल त्या गावी, बर्फाच्या घाटांतून, दऱ्यांच्या कडेनं. आठ महिन्यांत एक्केचाळीस हजार किलोमीटर, आणि एकही अपघात नाही! रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ती वळताना इंडिकेटर देते. मागून कुणी हॉर्न वाजवला तर टीव्हीकडे पाहून "जा बाबा, तुला घाई असेल तर" म्हणते. बोटं हळूहळू वळायला लागली. आई ब्लाउजची बटणं स्वतः लावायला लागली. फिजिओ बाईंनी तिच्या फाइलमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ट्रक चालू ठेवावा.' कन्या हॉस्टेलला परत जाताना मशीन मागेच ठेवून गेली.

तर एका रविवारी सकाळी ट्रक घाटात असताना पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'डिस्क वाचता येत नाही.'

डिस्क पुसायची, एवढंच काम होतं. हे वाक्य मी आता पुन्हा वाचतो तेव्हा मला गहिवरून येतं. एवढंच काम होतं! चष्म्याच्या फडक्यानं पुसली असती तर कदाचित तिथल्या तिथे भागलंही असतं. पण आमच्या घराचं दार उघडं होतं, आणि समोरच्या घरात 'अनुभवी' राहतात.

अनुभवी हे निवृत्त लिफ्ट निरीक्षक. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा आहे" असं सुरू होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना याच नावानं ओळखते. ते आत आले, डिस्क उजेडात धरली आणि म्हणाले, "माझा अनुभव असा आहे, की चरे असले तर टूथपेस्ट लावायची. गोल गोल घासायची. नवी होते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि पुराव्याशिवाय तिला सूर्य उगवलेलाही पटत नाही. "तुम्ही अशी कुठली डिस्क नवी झालेली पाहिलीय?" तिनं विचारलं.

"पाहायला कशाला हवी? अनुभव आहे."

आमची टूथपेस्ट निळे दाणे असलेली, दातांवरची वर्षानुवर्षांची कीट काढणारी अशी होती. ती मी डिस्कवर मनापासून, गोल गोल, पाच मिनिटं घासली. कीट नव्हतीच, तेव्हा दाण्यांनी जे सापडलं ते काढलं. धुऊन पुसल्यावर डिस्क अशी झळकली की अनुभवींनी तिच्यात बघून मिशी नीट केली. मशीननं मात्र कडू औषध थुंकावं तशी ती तीनदा बाहेर थुंकली. बायकोनं डिस्क उजेडात धरली आणि म्हणाली, "आता यातून पलीकडची खिडकी दिसतेय."

आई शांतपणे म्हणाली, "गाडी माझी घाटात उभी आहे. माल आहे तिच्यात. काय ते बघ."

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी गेमच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, डोक्यावर चष्मा. दुकानात फळ्या होत्या, पण फळ्यांवर फारसं काही नव्हतं.

"डिस्क?" तो म्हणाला. "साहेब, मी आधी कॅसेट विकल्या. मग सीडी विकल्या. मग डिस्क विकल्या. आता मी हवा विकतो. सगळं डाउनलोड. हातात घ्यायला काही उरलेलंच नाही."

मी त्याला ट्रकचं नाव सांगितलं. तो आत गेला, शिडी सरकवल्याचा आवाज आला, आणि तो धुळीनं माखलेला एक डबा घेऊन आला. "शेवटचा आहे. हा खेळ आता दुकानातही मिळत नाही आणि ऑनलाइनही मिळत नाही. ट्रक बनवणाऱ्यांचा आणि खेळ बनवणाऱ्यांचा करार संपला म्हणे. गेल्याच महिन्यात विक्रीतून काढला."

शेवटचा डबा मिळाल्याच्या आनंदात मी घरी आलो. डब्याला सीलबंद कागद, वर लाल ट्रकचं चित्र. आई, बायको आणि (दार उघडं असल्यामुळे) अनुभवी अशा तिघांच्या देखत मी कागद फाडला, डबा उघडला. आत डिस्क नव्हती. डिस्क ठेवायची गोल खाचसुद्धा नव्हती. एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर पंचवीस अक्षरांचा कोड.

"फसवलं," अनुभवी म्हणाले.

फसवलं नव्हतं. चिठ्ठीखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'कोड वापरून खेळ आपल्या खात्यात उतरवून घ्यावा. कोड एकदाच चालेल.' म्हणजे मी रिकामा डबा आणला होता आणि डब्याचा अर्थ हवेत होता. हरकत नाही, म्हटलं. खातं काढू. आईच्याच नावानं काढू, म्हणजे पुढे भानगड नको.

इथे मी जे केलं ते सांगताना आजही मान खाली जाते. पण त्यामागे तर्क होता, हे कृपया लक्षात घ्यावं. मी बावीस वर्षं निविदा विभागात आहे. आमच्याकडे कुठलाही फॉर्म घ्या, सगळ्यात वर उजवीकडे आजची तारीख असते. मशीननं नाव विचारल्यावर लगेच दिवस, महिना, वर्ष अशी तीन चाकं पुढे केली. मी आजचा दिवस, हा महिना आणि हे वर्ष लावून 'पुढे' दाबलं. मशीन क्षणभर थबकलं. मग त्यानं विचारलं, 'या बालकाचे पालक आपण आहात का?' अशा छापील प्रश्नांचा मला दांडगा सराव आहे. त्यांना 'होय' म्हणायचं असतं. मी 'होय' म्हणालो. मग अठ्ठावन्न पानांच्या अटी व शर्ती आल्या. त्यांनाही 'मान्य' म्हणालो. पंचवीस अक्षरांत कुठे शून्य आहे आणि कुठे ओ आहे यावर बायकोशी थोडा वाद झाला, तेवढा सोडला तर सगळं सुरळीत पार पडलं. खेळ रात्रभरात उतरला.

मंगळवारी आई ट्रक सुरू करायला बसली. लाल ट्रक नव्हता. एक्केचाळीस हजार किलोमीटर नव्हते. पडद्यावर एक पिवळा टेम्पो उभा होता आणि लिहिलं होतं, 'नवशिक्या चालकाचे स्वागत.'

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या घरात हे चांगलं लक्षण नसतं. तिनं मुकाट्यानं टेम्पो काढला, दोन पोती बटाटे कुठे तरी पोचवायला निघाली. तासाभरानं, भर पुलावर, टेम्पो आपोआप थांबला. पडद्यावर एक हसरं अस्वलाचं पिल्लू हात हलवत आलं आणि म्हणालं, 'आज पुरे हं! आणखी खेळायचं असेल तर पालकांना विचार.'

"पालक कोण?" आईनं विचारलं.

मी घसा खाकरला. "तांत्रिकदृष्ट्या... मी."

"बरं," आई म्हणाली. "ज्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसला, तो माझा पालक." आणि कंट्रोलर खाली ठेवून आत गेली. त्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारीना. "ए पालका, पाणी दे." "पालकाला विचारा, खिडकी उघडू का?" फोनवर मावशीलाही सांगितलं.

मी कन्येला फोन लावला. तिची परीक्षा चालू होती, तरी ती दोन मिनिटं नुसती हसली. मग म्हणाली, "बाबा, आजीचा लाल ट्रक कुठे गेला नाहीये. ती माझ्या प्रोफाइलवरून खेळायची ना, तिथेच आहे तो, मशीनमध्ये. तुम्ही नवा खेळ आजीच्या खात्यात घेतलात, म्हणून माझ्या प्रोफाइलला कुलूप दिसतंय. आजीच्या खात्यातून हे मशीन 'मुख्य मशीन' करा. एक खूण करायची फक्त. मग घरातला कुणीही तो खेळ खेळू शकतो."

"मग करतो की."

"नाही ना करता येणार. लहान मुलांच्या खात्यात तो पर्याय नसतो. आधी आजीला मोठं करा!"

आईला मोठं करण्यासाठी मी कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. उत्तर एका यंत्राकडून आलं, त्याचं नाव 'सखा'. सखा म्हणाला, 'जन्मतारखेत बदल करण्यासाठी बालकाच्या जन्माचा पुरावा जोडा.' आता आईच्या पिढीची जन्मतारीख ही श्रद्धेची बाब असते. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, पेन्शनच्या कागदावर दुसरी आणि ओळखपत्रावर तिसरी. तिन्हींत मिळून दोन वर्षांचा फरक. मी प्रामाणिक माणूस, तिन्ही जोडले. जास्त पुरावे म्हणजे जास्त बळकटी, अशी माझी समजूत. निविदांमध्ये तसंच असतं.

दुसऱ्या दिवशी सखाचं उत्तर आलं. 'सादर केलेल्या कागदपत्रांत तफावत आढळली आहे. बालकाच्या सुरक्षिततेसाठी हे खाते गोठवण्यात येत आहे. या कालावधीत खात्यातील खेळ उपलब्ध नसतील.'

आता टेम्पोही गेला. मी तडकून लिहिलं, 'हा खेळ मी विकत घेतलेला आहे.' सखानं क्षणाचाही विलंब न लावता कळवलं, 'आपण खेळ विकत घेतलेला नाही. आपण खेळ खेळण्याची, रद्द होऊ शकणारी परवानगी घेतलेली आहे. कृपया अटी व शर्ती, कलम ४ पाहावे. आपण त्या वाचून मान्य केल्या आहेत.'

हे मला लिहिलं होतं! बावीस वर्षं ज्यानं कंत्राटदारांना 'आपण वाचून सही केलेली आहे' एवढ्या एका वाक्यावर घरी पाठवलं, त्याला! मी खुर्चीत बसून राहिलो. ऑफिसातल्या बाईंनी पुन्हा कळवळ्यानं पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी अनुभवी आले. "माझा अनुभव असा आहे, की कुठलीही यंत्रणा अडली की मुळापासून बंद करून पुन्हा चालू करायची. लिफ्टचं तसंच असतं." त्यांनी मशीनच्या पोटात शिरून एक पर्याय शोधला : 'मशीन कोरे करा.' "हे बघा. सगळं स्वच्छ होईल. कुलूपही जाईल." मला ते पटलं. माणूस खचला की त्याला काहीही पटतं. अंगठा बटणावर होता. 'नक्की?' असं मशीन विचारत होतं, आणि छापील प्रश्नांना 'होय' म्हणायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे.

तेवढ्यात अख्खा टीव्ही विझला. मागे वळून पाहिलं तर बायको हातात प्लग घेऊन उभी.

"त्यात आईंचा ट्रक आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीस हजार किलोमीटर. कोरं म्हणजे कोरं. अक्षरं वाचता येतात ना तुम्हा दोघांना?"

अनुभवी म्हणाले, "हा अनुभव मला नव्हता," आणि घरी गेले. मी तिथेच जमिनीवर बसलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

इथवर माझी फजिती होती आणि फजितीवर हसता येतं. शनिवारी मात्र हसू आटलं. फिजिओ बाई आल्या, त्यांनी आईची बोटं एकेक करून उघडून पाहिली. "गेल्या आठवड्यापेक्षा आखडलीत. ट्रक बंद आहे का?" आई म्हणाली, "पालकांची परवानगी नाही." बाई हसल्या नाहीत. दुसरे व्यायाम सांगून त्या गेल्या. दुपारी जेवताना आईच्या हातून चमचा निसटला. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा निसटला. बायको पुढे झाली तर आई म्हणाली, "राहू दे." मग डाव्या हातानं उचलला आणि डाव्या हातानंच जेवली. तिचं ब्लाउजचं वरचं बटण उघडं होतं, तेही मला तेव्हाच दिसलं.

चमच्याचा तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. घासून नाहीशी केली ती नुसती डिस्क नव्हती, असं काहीतरी वाटत राहिलं.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या अठ्ठावन्न पानी अटी व शर्ती छापून घेतल्या आणि हातात लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. तीन दिवस लागले. खरं सांगतो, कलम ४ वाचून राग येण्याऐवजी मला आदर वाटला. 'विक्री' हा शब्द अठ्ठावन्न पानांत एकदाही नव्हता, पण वाचणाऱ्याला तसा संशयही येऊ नये अशी मांडणी होती. लिहिणारा माणूस आमच्याच जातकुळीतला होता. आणि आमच्या जातकुळीतला माणूस एक गोष्ट हमखास करतो. एक पळवाट ठेवतो, ती शेवटून तिसऱ्या पानावर ठेवतो, आणि तिथवर कुणी पोचणार नाही या भरवशावर निवांत झोपतो.

पान छप्पन्न. कलम ३१, उपकलम ग. 'कागदोपत्री पुराव्यात तफावत असल्यास, पालक लेखी विनंती करून खातेदाराच्या तोंडी पडताळणीची मागणी करू शकेल. अशी मागणी नाकारता येणार नाही.'

मी टेबलावर मूठ आपटली. शेजारच्या बाईंचा चहा सांडला. त्याच दुपारी अर्ज लिहिला. 'विषय : माझ्या आईस प्रौढ समजण्याबाबत. संदर्भ : आपले कलम ३१ (ग).' खाली मुद्दे, मुद्द्यांना क्रमांक. बावीस वर्षांत इतका देखणा अर्ज माझ्या हातून झाला नव्हता. सखाला काही सुचेना. 'आपली विनंती वरिष्ठांकडे पाठवली आहे,' एवढंच तो म्हणाला. यंत्र जेव्हा माणसाकडे बोट दाखवतं तेव्हा समजावं की आपण जिंकत आलोय.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन येणार होता. मी रजा टाकली. बायकोही थांबली. अनुभवींना आम्ही खबर लागू दिली नव्हती, तरी सव्वादहाला ते हजर. त्यांना तोंड न उघडण्याच्या अटीवर बसू दिलं. फोन टेबलावर, स्पीकर चालू.

"नमस्कार," पलीकडून एक पुरुषाचा गोड, शिकवून घेतलेला आवाज आला. "पालक बोलताय का? बालकाशी बोलता येईल?"

"देतो," मी म्हणालो आणि फोन आईकडे सरकवला.

आवाज आणखी गोड झाला, थोडा बोबडाही झाला. "हॅलो बाळा! तुझं नाव काय? घाबरू नको हं."

अनुभवींनी डोळे मिटून घेतले.

"बाळा कुणाला म्हणतोस रे?" आई म्हणाली. "आणि मी कशाला घाबरू? तू कोण?"

"मी... अं... मी पडताळणी अधिकारी."

"मग अधिकाऱ्यासारखं बोल की. नाकात काय बोलतोस? सर्दी झालीय?"

"हो, म्हणजे... चार दिवस झाले."

"चार दिवस! आणि कामावर आलायस? वाफ घेतलीस का?"

"नाही."

"घरी कोण कोण आहे?"

"आई असते. पण तिला सांगितलं की ती..."

"तिला सांगितलं की ती वाफ घे म्हणते आणि तू घेत नाहीस. सगळे सारखेच. हा आमचा पालक बघ, पन्नाशीला आला, अजून टोपी घालून बाहेर जात नाही."

अधिकारी सावरला. "आजी... म्हणजे, बाई, मला तुमची जन्मतारीख सांगाल का?"

"ती कुणालाच माहीत नाही. माझ्या जन्माच्या वेळी गावात पूर आला होता, कुणाला तारीख बघायची शुद्ध होती? शाळेत घालताना मास्तरांनी त्यांच्या सोयीची लावली. पेन्शनवाल्यांनी त्यांच्या सोयीची लावली. आता तू तुझ्या सोयीची लाव."

"पण मला तीनपैकी एक निवडावी लागेल."

"सगळ्यात जुनी घे. जुन्या वस्तू टिकाऊ असतात."

पलीकडून कळफलकाचा टकटक आवाज आला. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, आणि मला वाटतं ती माझी नाडी मोजत होती.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "हा खेळ तुम्ही स्वतः खेळता?"

"खेळत नाही. ट्रक चालवते. बारा दिवस गाडी घाटात उभी आहे, उतारावर."

"तो पाचव्या टप्प्याचा घाट? बोगद्यानंतरचा?" आवाजातला गोडवा एकदम गेला, खरा माणूस बोलायला लागला. "तिथे माझी गाडी नेहमी दरीत जाते. कितीही ब्रेक मारला तरी."

"ब्रेक मारतोस म्हणूनच जाते. ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. बोगद्यातच गिअर खाली घ्यायचा आणि गाडीला तिच्या चालीनं उतरू द्यायचं. पाय लांब ठेवायचा. घाई कुणाला आहे?"

"बोगद्यातच?"

"बोगद्यातच. बाहेर आल्यावर वेळ गेलेली असते."

तो काहीतरी लिहून घेत असावा. मग म्हणाला, "पालकांना द्या फोन." मी फोन घेतला. "साहेब, पडताळणी पूर्ण झाली. बाई सज्ञान आहेत, माझी खात्री पटली. खातं आत्ता खुलं करतो. आणि..." त्यानं शिंकून घेतलं, "त्यांना सांगा, वाफ घेतो."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. अक्षरशः काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो अनुभवींचा होता. ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते.

पुढचं फार वेळ चाललं नाही. आईचं वय शून्यावरून एकाहत्तर झालं. (त्या जुन्या तारखेमुळे खरं तर त्र्याहत्तर. आईनं हरकत घेतली नाही.) अस्वलाचं पिल्लू गेलं. बायकोनं सूचना मोठ्यानं वाचल्या, मी खूण केली, मशीन 'मुख्य' झालं. मशीननं पुन्हा 'नक्की?' असं विचारलं, तेव्हा मी ते चार वेळा वाचलं, बायकोला वाचायला दिलं आणि मगच 'होय' म्हटलं. गोठवताना काढून घेतलेला खेळ पुन्हा उतरायला लागला. एक टक्का, दोन टक्के. नव्व्याण्णव टक्क्यांवर तो पंचवीस मिनिटं अडून बसला. अनुभवी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बायकोनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. प्रयोगशाळेतली बाई ती, धोका लांबूनच ओळखते.

दुपारी अडीचला कन्येच्या प्रोफाइलवरचं कुलूप गेलं. घाटात, बर्फात, जिथे सोडला होता तिथेच लाल ट्रक उभा होता. टपावर बर्फ साचल्यासारखा दिसत होता, पण तो आधीपासूनच तसा असावा. आईनं कंट्रोलर हातात घेतला. उजवा अंगठा बटणावर ठेवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. तिसऱ्यांदा तो बसला. इंजिन सुरू झालं. तिनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि अठरा चाकं हळूच रस्त्यावर आली.

अनुभवी उठून गेले. बायको प्रयोगशाळेत गेली, दोन-तीन तास शिल्लक होते म्हणून. घरात आई आणि मी. मी आईशेजारी सोफ्यावर बसलो. वायपर डावीकडे जात होता, उजवीकडे येत होता. पुढचा बोगदा आला, गिअर खाली गेला, गाडी तिच्या चालीनं उतरायला लागली. बारा दिवसांत पहिल्यांदा कुणाला काही लिहायचं नव्हतं, कुठलं पान वाचायचं नव्हतं. इंजिनाचा तो एकसुरी आवाज कानात भरत गेला आणि माझी मान कधी खाली आली, मला समजलं नाही.

कोपर लागलं म्हणून जाग आली. आईनं ढोसलं होतं, उजव्या हाताच्या कोपरानं. डोळे रस्त्यावरच.

"ड्रायव्हरच्या शेजारी बसून झोपायचं नसतं," ती म्हणाली. "त्यालाही झोप येते. झोपायचं तर मागं जाऊन झोप."

मी मुकाट्यानं उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपलो.